सगुणाचं कपाळ

सगुणा,

तुला न्हाऊ घालून ओसरीवर आणलं तेव्हा बायकांमध्ये कुजबूज सुरू झाली. थोरल्या चुलतीनं आतून कुंकवाचा करंडा आणला होता. कुणीतरी हिरवं लुगडंही काढून ठेवलं होतं. चुलतीचं म्हणणं सरळ होतं. सरकारी दप्तरात तिचा नवरा दत्ता मेलेला नाही, बेपत्ता आहे. मेल्याचा दाखला नाही, अस्थी नाहीत, कुणी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. मग बाई सवाष्ण गेली असंच धरायचं आणि मळवट भरून तिला न्यायचं. काहींना ते पटत होतं, काहींना नव्हतं. शेवटी सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं, कारण दत्ताची थोरली बहीण मी, आणि त्याच्या सख्ख्या माणसांत आता मोठं असं माझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही.

मी करंडा चुलतीच्या हातातून काढून घेतला. म्हणाले, "तिनं सोताच्या हातानं पुसलंय. आपण लावायचं न्हाय."

तू हे ऐकलं असतंस तर माझ्याकडं बघतच राहिली असतीस. याच एका गोष्टीवरून आपण दोघी इतकी वर्षं भांडलो. तू म्हणायचीस, त्यांना मारलंय. मी म्हणायचे, माझ्या भावाचं हाड न् हाड माझ्यापुढं ठेवल्याशिवाय तो गेला असं मी म्हणणार नाही. आणि तरी त्या दिवशी करंडा मीच अडवला. तुझं म्हणणं मला एकाएकी पटलं म्हणून नव्हे. तुझं मोकळं कपाळ ही तुझी साक्ष होती. साक्ष देणारं माणूस गेलं म्हणून मागं राहिलेल्यांनी ती बदलायची नसते.

तुझ्या लीलाला हे मी सगळं सांगणार आहे. तिला तिचा बाप अंधूक आठवतो, त्याच्या खाकी पटक्याचं टोक आणि मिशा. म्हणून आधी तुझ्याशी बोलून घेते.

दत्ता जमादार झाला आणि त्याला इंदापूरच्या अंगाला, कळसच्या पलीकडं, कालव्याच्या कडेची एक लहानशी चौकी मिळाली तेव्हा आपल्या गावी, सांगवीत, केवढा आनंद झाला होता. चौकी कसली, दोन खोल्या, एक लिंबाचं झाड आणि हाताखाली दोन शिपाई. पण तू तिथं गेलीस आणि महिन्याभरात त्या चौकीच्या मागं वांगी आणि घेवडा उभा केलास. दारूबंदी नुकतीच आली होती. कालव्याच्या पाण्यानं ऊस माजला होता, गुऱ्हाळं धडधडत होती, आणि काही ठिकाणी गुळाचं जे व्हायला नको ते होत होतं. सगळ्या टापूला ठाऊक होतं की कुणाच्या उसात भट्ट्या लागतात. तो माणूस मोठा बागाईतदार. त्याच्या वाड्यावर मामलेदारापासून फौजदारापर्यंत सगळ्यांचं जेवण व्हायचं. त्याचं नाव मी इथं लिहीत नाही. भिऊन नाही. तूच म्हणायचीस, "नाव घ्यायचं तर कोर्टात घ्यायचं, वन्सं. चुलीपुढं घेऊन काय उपेग?"

दत्तानं त्याच्या उसात शिरून भट्टी धरली. माणसं धरली, पिंपं धरली, पंचनामा केला. त्याच्या वरच्या फौजदारानं त्याला बोलावून समजावलं, मग दटावलं, मग पुन्हा प्रेमानं समजावलं. दत्ता ऐकून घ्यायचा आणि घरी येऊन वांग्याच्या भाजीबरोबर भाकरी खायचा. तो कधी आवाज चढवणारा माणूस नव्हता. लहानपणीही मारामारी झाली की हा मार खाऊन घ्यायचा, पण हातातलं सोडायचा नाही.

साक्षीच्या दिवशी सकाळी तो सायकलवर टांग टाकून इंदापूरच्या कोर्टाकडं निघाला. तू त्याला कालव्याच्या पुलापर्यंत जाताना पाहिलंस. कोर्टात तो पोचला नाही. साक्षीदार हजर नाही म्हणून खटला निकाली निघाला, आणि दोन-तीन दिवसांनी दत्ताची सायकल सापडली ती बारामती स्टेशनावर. निघाला पूर्वेला, सायकल सापडली पश्चिमेला. फौजदारानं लगेच ठरवून टाकलं की जमादार छोट्या रेल्वेगाडीनं दौंडला गेला आणि तिथून कुठंतरी पसार झाला.

सायकल ओळखायला आपल्याला बोलावलं होतं. तू तोंडावर पदर न ओढता पुढं झालीस, हँडलवरून हात फिरवलास आणि सीटकडं बघून थांबलीस. आपला दत्ता ताडमाड उंच. त्याची सीट इतकी वर असायची की गल्लीतली पोरं त्यावरून त्याला चिडवायची. ती सीट पार खाली बसवलेली होती. तू म्हणालीस, "सायकल त्यांचीच हाय. पर हिच्यावर बसून आलाय तो दुसराच कुनीतरी. बुटका मानूस हाय."

फौजदार म्हणाला, "बाई, तपास आमी करायचा का तुमी?"

पंचनाम्यात सीटचा शब्दही आला नाही. आणि पुढं काही महिन्यांनी ती सायकल आपल्याला परत मिळाली तेव्हा सीट वर होती. दत्ता ठेवायचा त्याहूनही वर. तू तिच्याकडं बघून एवढंच म्हणालीस की माझं बोलणं कुणीतरी नीट ऐकलं होतं म्हणायचं.

तुला आणि लीलाला घेऊन मी सांगवीला आले. चौकीची जागा दुसऱ्या जमादाराला हवी होती. तुझी वांगी तोडणीला आली होती, तुला ती तोडूही दिली नाहीत. मग उन्हाळ्याच्या तोंडाला एक शिपाई कागद घेऊन आला आणि त्यानं तो आपल्या दाराला चिकटवला. तुला अक्षरओळख नव्हती. मी बारामतीच्या मुलींच्या शाळेत शिकवते, तेव्हा वाचण्याचं काम माझ्याकडं आलं. जमादार दत्ताराम हा कामावरून फरारी असून त्याचा ठावठिकाणा माहीत असणाऱ्यांनी कळवावं, असं काहीसं होतं. बरोबर तोंडी बातमीही होती, शिपायानंच गल्लीत पेरलेली. तमाशातली शेवंता नावाची बाई आणि जमादार एकत्र पळाले.

तू उठलीस. आत गेलीस. जात्याच्या पाळीवर बांगड्या फुटल्याचा आवाज आला तेव्हा आई किंचाळत आत धावली. तू बाहेर आलीस ती कपाळ पुसून. मंगळसूत्र हातात होतं. शिपाई अजून दारातच होता, पाणी मागून पीत होता. तू त्याला म्हणालीस, "तुमच्या सायबाला सांगा, जमादाराच्या बायकूचं कपाळ बघून आलो म्हनून."

सगुणा, त्या एका क्षणात तू काय केलंस ते मला पुढं कितीतरी दिवसांनी उमगलं. सरकार म्हणत होतं, तो जिवंत आहे आणि पळालाय. तुझ्याकडं वकील नव्हता, वशिला नव्हता, लिहिता-वाचता येत नव्हतं. तुझ्याकडं जे होतं तेच तू पुढं केलंस. जिवंत नवऱ्याची बायको असं करत नाही हे साऱ्या मुलखाला ठाऊक. बातमी सांगवीतून बारामतीच्या बाजारात गेली, बाजारातून इंदापूरला. माणसं फौजदाराचा कागद विसरली आणि तुझ्या कपाळाबद्दल बोलू लागली.

पण घरात त्याची जबर किंमत पडली. आईला तू वैरीण वाटू लागलीस. तिचं साधं होतं. पोरगं पळालं तर पळालं, बाईच्या नादी लागलं तर लागलं, पण कुठंतरी श्वास घेतंय. तू तिच्या डोळ्यांदेखत त्याला मारून टाकलंस. मीही आईच्याच बाजूची. तुला मी म्हणाले होते, "तुला त्याची अब्रू जास्त का जीव?" तू माझ्याकडं बघून म्हणालीस, "वन्सं, जीव गेलाय. अब्रू ऱ्हायलीय. ऱ्हायलेलं सांभाळायचं का न्हाय?" मी तुझ्याशी कितीतरी दिवस बोलले नाही. तू मात्र शनिवारी मी बारामतीहून आले की पाय धुवायला पाणी द्यायचीस, जसं काही घडलंच नाही.

मग शेवंता आली. मोरगावच्या बाजूला तिचा फड उतरला होता. तिथं तिनं ऐकलं की आपण एका जमादाराबरोबर पळून गेलोय. आधी म्हणे ती खूप हसली. मग दुसऱ्या दिवशी एसटी पकडून, उरलेलं अंतर पायी तुडवत, भर दुपारी सांगवीत शिरली. सगळा गाव दारात उभा राहून बघत होता. ती आपल्या उंबऱ्याबाहेर थांबली, आत यायला तयार होईना. तू तिला हात धरून आत घेतलंस, घोंगडी अंथरलीस, गूळपाणी दिलंस. तेव्हा ती रडली.

म्हणाली, "बाई, तुमच्या मालकाला मी उभ्या जन्मात बघितलं न्हाय. माझं नाव त्येंनी का घेतलं, मला म्हाईत न्हाय."

"मला म्हाईत हाय," तू म्हणालीस. "तुझ्यासाठी कोन भांडाय येनार न्हाय, म्हनून घेतलं. चलशील का पुन्याला, मोठ्या सायबाकडं?"

"माझ्या बोलन्यावर कोन इस्वास ठिवंल?"

"बोलू नगंस. माझ्याशेजारी नुसती हुबी ऱ्हा."

तुमचं ठरत असताना आई उठून माजघरात गेली. तिचं रडणं मला ऐकू येत होतं. शेवंता खोटी निघाली असती तर तिचा लेक जिवंत राहिला असता.

पुण्याला मी तुमच्याबरोबर आले. एसटीत आपण तिघी एका बाकावर, तू खिडकीशी, मधे शेवंता. वाटेत बायका शेवंतापासून अंग चोरून बसत होत्या आणि तू तिच्या खांद्यावर मान टाकून झोपली होतीस. पोलिसांचा तो मोठा साहेब नवा होता, दुसऱ्या जिल्ह्यातून बदलून आलेला. त्यानं दोघींना समोर बसवलं. तू सायकलची सीट सांगितलीस, पूर्व-पश्चिम सांगितलीस, आणि मग म्हणालीस, ज्या बाईबरोबर ते पळाले ती ही, विचारा तिला. साहेबानं विचारलं की तो मेलाच आहे हे तू कशावरून म्हणतेस. तुझं उत्तर मला आजही तसंच्या तसं ऐकू येतं. "सायेब, ते जित्ते असते तर ड्यूटीवर हजर असते. त्यास्नी दुसरं काय येतच नव्हतं."

साहेबानं कागद पुढं ओढला आणि पेन उचललं.

त्यानं जे केलं ते आपण विसरता कामा नये. 'फरारी' हा शब्द त्यानं कायमचा काढायला लावला. कर्तव्यावर असताना बेपत्ता, असं लिहिलं गेलं. जुना फौजदार दूर कुठंतरी बदलून गेला. शिक्षा झाली नाही, नुसती बदली. साहेब स्वतः त्या उसात गेला आणि त्याला कळलं की तिथली एक जुनी विहीर दत्ता नाहीसा झाल्यावर थोड्याच दिवसांत दगडमातीनं बुजवली होती. त्यानं ती उकरायचं ठरवलं. माणसं ठरली, दिवस ठरला, आणि मग वरून हुकूम आला. उकरायचं थांबलं आणि साहेबाचीही बदली झाली. जाण्याआधी तो साध्या कपड्यांत सांगवीला येऊन गेला. ओसरीवर बसून चहा प्याला आणि म्हणाला की मला इतकंच जमलं. तू त्याला म्हणालीस की माझ्या पोरीच्या बापाचं नाव तुम्ही पुसून निघण्यापासून वाचवलंत, हे थोडं नाही.

मला वाटलं होतं, आता तू थांबशील. तू ऊस तुटायची वाट बघत होतीस. तोड झाली, रान मोकळं झालं आणि एका सकाळी तू म्हणालीस, "वन्सं, येता का? एक ठिकानी बसून यायचंय." मी आले. त्या बुजवलेल्या विहिरीवर तू पदर सावरून बसलीस. मी शेजारी. भोवती पाचट पडलेलं, ऊन चढत चाललेलं, बांधावर तोडीची माणसं काम थांबवून बघत असलेली. मला भीती वाटत होती, खोटं कशाला सांगू. तुझा चेहरा मात्र देवळात बसल्यासारखा शांत होता.

जीप आली. तो बागाईतदार उतरला, पांढरा फेटा, हातात काठी. फार गोड बोलला. म्हणाला, "बाई, ऊन लागंल. वाड्यावर चला, सावलीला बसा."

तू म्हणालीस, "आबा, हितं पयली हीर होती न्हवं?"

"होती. आटली, म्हनून बुजवली."

"आटलेली हीर मानूस खोल करतंय, आबा. बुजवत न्हाय."

तो म्हणाला की कालव्याचं पाणी आलं, आता विहीर कशाला हवी. तू म्हणालीस, मग उकरून दाखवायलाही काही हरकत नसावी, दगड तेवढे निघतील. तो काठीनं पाचट इकडं तिकडं करत उभा राहिला, आणि मग जीपमध्ये बसून निघून गेला. आपल्याला कुणी हाकललं नाही. दिवस कलेपर्यंत आपण तिथं बसलो. तोडीच्या बायकांनी त्यांच्या भाकऱ्यांतली अर्धी भाकरी आणि ठेचा आपल्याला आणून दिला. त्यानंतर त्या तुकड्यात त्यानं पुन्हा ऊस लावला नाही. चहूबाजूंनी हिरवंगार आणि मधे तो पडीक डाग, येणाऱ्या-जाणाऱ्याला रस्त्यावरून दिसतो.

आई गेली त्या वेळी तू जे केलंस ते मी कुणाला सांगितलेलं नाही. तिची शुद्ध येत-जात होती. सकाळची वेळ होती, तू तिला चमच्यानं पेज भरवत होतीस. तिनं तुझं मनगट धरून विचारलं, "खरं सांग गं. त्यो न्हायच का?" इतकी वर्षं तू साहेबापुढं, गावापुढं, त्या बागाईतदारापुढं जे न डगमगता सांगत होतीस, ते सांगायची वेळ होती. तू तिच्या कपाळावरचे केस मागं सारलेस आणि म्हणालीस, "निघालाय, आई. येतोय." आई हसली. तुझ्याशी इतक्या दिवसांनी हसली.

मला तुला विचारायचं होतं की ते तिच्यासाठी म्हणालीस, की तुझ्या मनातही कुठंतरी तेवढी फट उरली होती. ओठांवर आलेलं मी दर वेळी गिळलं. आता तू नाहीस तेव्हा वाटतं, बरं झालं नाही विचारलं. तेवढं तुझं तुझ्यापाशी राहिलं.

पण तू मला एक विचारलं होतंस आणि मी उत्तर दिलं नव्हतं. आमच्या बारामतीच्या मळ्यात आपण टोमॅटो तोडत होतो. पाटी भरत आली होती. तू मान वर न करता म्हणालीस की साक्षीच्या आदल्या दिवशी दत्तानं तुला विचारलं होतं, जाऊ का नको. आणि तू म्हणाली होतीस, जावा. "मी नगं म्हनले असते तर, वन्सं?" मला हुंदका आला, मी पाटी उचलून बांधाकडं गेले, आणि ते उत्तर राहून गेलं.

आता ऐक. तो माझ्या पाठीवरचा भाऊ. मी त्याला रांगताना पाहिलंय. तू नको म्हणाली असतीस तरी तो गेला असता. फक्त मग तुझ्यावर रुसून, न जेवता गेला असता. तू जावा म्हणालीस म्हणून तो भरल्या पोटानं, मन मोकळं करून, पुलावरून मागं वळून बघत गेला. त्या दिवशी त्याच्या वाट्याला जे काही आलं असेल त्याच्या आधी त्याला एवढं तरी मिळालं होतं, आणि ते तू दिलं होतंस. माझं ठाम मत आहे हे. यावर तू माझ्याशी वाद घालायचा नाहीस.

मुदतीच्या तापानं तुला नेलं. मला राग येतो त्याचा. पण तुझ्या शेवटच्या दिवसांतही तू लीलाच्या वेणीकडं लक्ष देत होतीस आणि अंगणातल्या मिरच्या वाळल्या का विचारत होतीस. लीला आता माझ्याकडं बारामतीला राहील, शिकेल. तिच्या शाळेच्या दाखल्यावर बापाच्या नावापुढं कुठलाही डाग नाही. ते तू मिळवलंस. विहीर उकरायची मागणी मी माझ्या नावानं पुन्हा केली आहे. मला लिहिता येतं, आणि मी थकलेली नाही.

आणि काल सावडायच्या वेळी जे झालं ते तुला सांगायलाच हवं, म्हणून तर आज हे लिहायला बसले.

नीरेच्या काठी सारा गाव जमला होता. कळसहून, त्या चौकीच्या आसपासच्या वस्त्यांवरूनही माणसं आली होती. आपल्यात अशा वेळी कुणीतरी उठून दोन शब्द बोलतं. म्हातारे तात्या उठले. गावात कुणीही गेलं की तेच बोलतात, ठरलेलं आणि सांभाळून. या गावानं इतकी वर्षं दत्ताचं नाव निघालं की सांभाळूनच घेतलंय. कुणी म्हणायचं गेला, कुणी म्हणायचं घडलं काहीतरी, कुणी नुसताच हात हलवायचं. तू सोडून दुसऱ्या कुणी तो शब्द चारचौघांत उच्चारला नव्हता. मीसुद्धा नाही.

तात्यांनी काठीवर दोन्ही हात ठेवले, राखेकडं पाहिलं आणि म्हणाले, "आपल्या गावच्या दत्ता जमादाराला मारला. त्येची ही बायकू."

पुढच्याच रांगेत पोलीस पाटील बसले होते. सगळ्यांच्या नजरा त्यांच्याकडं वळल्या. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "व्हय."